हात सोडण्यापूर्वी

लढाऊ विमानाच्या संगणकीय खेळात ऑटोपायलट सुरू करणे हे एका बोटाचे काम आहे. तो सुरू होताना विमानाला हिसका बसू न देणे हे मात्र त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांचे काम आहे. गेली काही वर्षे दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या शाळेच्या संगणक कक्षात आम्ही मुलांना मुख्यतः तेवढेच शिकवीत आलो आहोत. स्मरणिकेत संस्थापकांच्या आठवणी असतात, वसतिगृहाच्या भोजनगृहातले किस्से असतात. त्यांच्या रांगेत हा विषय विजोड दिसेल याची आम्हांस कल्पना आहे. परंतु ज्या शाळेचा दिवस त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतो तेथे युद्धाचा खेळ कशासाठी, असा प्रश्न मागील मेळाव्यात दोन पालकांनी विचारला होता. प्रश्न रास्त होता. मेळाव्याच्या गडबडीत त्याचे उत्तर नीट देता आले नाही. ते येथे देत आहोत.

आम्ही म्हणजे एकाच तुकडीतले चौघे. दोघे मुंबईकडे नोकरीला, एक रोह्याच्या कारखान्यात आणि एक येथेच दिवेआगरात पोफळीची वाडी सांभाळणारा. रविवारी रात्री चौघे आपापल्या घरून इंटरनेटवर एकत्र येतो आणि 'डीसीएस वर्ल्ड' नावाचा खेळ खेळतो. हा खेळ मुळात फुकट मिळतो. त्यासोबत सुखोई २५-टी हे रशियन हल्ला-विमान आणि काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचा मुलूखही मिळतो. बातुमीच्या धावपट्टीवरून उड्डाण करून उत्तरेकडे वळले की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला उंच डोंगर. पहिल्या दिवशीच आमच्यातला वाडीवाला म्हणाला, "हा तर आपलाच किनारा, फक्त सह्याद्रीवर बर्फ पडलाय." तेव्हापासून आमच्या बोलण्यात बातुमी म्हणजे श्रीवर्धन झाले. त्या हिशेबाने त्याच्या उत्तरेचे कोबुलेती हे दिवेआगर ठरले.

आता मूळ विषय. विमान सरळ उडते असे आपण म्हणतो, पण ते आपण होऊन सरळ क्वचितच उडते. वेग वाढला की नाक वर जाऊ पाहते, कमी झाला की खाली झुकते. एका पंखाखाली जास्त ओझे असले की त्या अंगाला कलते. वैमानिक दांडा किंचित रेटून किंवा ओढून हा कल मारीत असतो. हे सतत करायचे झाले तर हात भरून येतो. म्हणून दांड्यावरच एक छोटी कळ असते, तिला ट्रिम म्हणतात. जेवढा जोर हाताने लावावा लागत होता, तेवढा ती कायमचा लावून ठेवते आणि हात सैल होतो.

मुलांना हे समजावताना आम्ही भरडखोलची होडी सांगतो. होडीत जाळी आणि बर्फाच्या पेट्या एकाच बाजूला रचल्या तर होडी कलते, एका अंगाला ओढते, आणि सुकाणू धरणाऱ्याला ते सारखे उलट दाबून धरावे लागते. नाखवा जाणता असेल तर तो सुकाणूशी झगडत बसत नाही. आधी पेट्या हलवायला सांगतो. ट्रिम म्हणजे पेट्या हलवणे. कोळीवाड्यातून येणारी मुले हे एका वाक्यात समजतात, उलट शहरातून सुट्टीला आलेल्या पाहुण्या मुलांना चित्र काढून दाखवावे लागते.

ऑटोपायलटविषयीचा मुलांचा मोठा गैरसमज असा की, तो विमान सुधारतो. वाकडेतिकडे चाललेले विमान त्याच्या स्वाधीन करावे आणि त्याने ते सरळ करून द्यावे, अशी त्यांची अपेक्षा असते. सुखोईत सरळ पातळीवर आणणारी एक रीत आहेही. पण आम्ही ती पहिले दोन दिवस सांगतच नाही. प्रथम शिकवतो ती उंची आणि कल धरून ठेवणारी रीत, कारण ती तुमच्या हातून जे घेते तेच पुढे चालवते. डावा पंख दहा अंश खाली असताना कळ दाबली तर विमान इमानेइतबारे दहा अंश डावीकडे कललेलेच राहते आणि समुद्रावर मोठे वर्तुळ काढीत बसते. चढत असताना उंची धरायला सांगितले तर विमान वेगाच्या भरात ती उंची ओलांडून जाते, मग यंत्र नाक खाली दाबते, पुन्हा वर उचलते, आणि दोन-तीन हेलकावे खाऊन स्थिरावते. हेच ते हिसके. यंत्राचा त्यात दोष नसतो.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. समजा, २,००० मीटर उंची आणि ताशी ५०० किलोमीटर वेग हवा आहे. नियोजित उंचीच्या थोडे अलीकडेच नाक हळूहळू खाली आणायचे. मग थ्रॉटल ठरवून वेग स्थिर होईपर्यंत थांबायचे. मुलांना सर्वांत जड जाते ते हे थांबणे. वेग बदलत असताना केलेले ट्रिम वाया जाते, कारण वेग बदलला की ओढही बदलते. वेग ठरला की पंख क्षितिजाशी समांतर करायचे, ट्रिमची कळ अगदी टिचक्या मारल्यासारखी थोडीथोडी दाबायची, आणि मग दांडा सोडून पाहायचा. दहापर्यंत मोजायचे. चढ-उताराच्या तबकडीचा काटा शून्यापाशी राहिला आणि क्षितिज कलले नाही, तरच ऑटोपायलटची कळ. असे केले की कळ दाबल्याचे कळतसुद्धा नाही. काही मुले तर "लागला का?" म्हणून विचारतात. तो प्रश्न आला की आम्ही समजतो, जमले.

येथे एक घरगुती अडचण सांगितली पाहिजे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत स्वस्त जॉयस्टिक वर्ष-दीड वर्षात बिघडू लागते. आतला संवेदक कुरकुर करतो, दांडा मधोमध सोडला तरी संगणकाला तो किंचित हलल्यासारखा भासतो. काही विमानांत दांडा हलला की ऑटोपायलट बाजूला होतो, काहींत तो दांड्याशी भांडत बसतो. मुलगा बिचारा सारे बरोबर करतो आणि विमान थरथरत राहते. खेळाच्या रचनेत दांड्याच्या मधल्या काही भागाची हालचाल दुर्लक्षित करण्याची सोय असते, ती थोडी वाढवावी. शंका आली की मुलाला बोल लावण्याआधी आम्ही दांडा तपासतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सुखोईचा ऑटोपायलट उंची सांभाळतो, वेग नाही. थ्रॉटल आपल्याच हाती राहते. एखाद्याने इंधन वाचवावे म्हणून थ्रॉटल मागे ओढले, तर यंत्र उंची टिकवण्यासाठी नाक वर उचलत राहते. वेग आणखी घटतो, नाक आणखी वर जाते, आणि शेवटी पंखांखालचा आधार सुटून विमान कोसळते. हा प्रकार खेळापुरता नाही. २५ फेब्रुवारी २००९ रोजी इस्तंबूलहून ॲमस्टरडॅमला १३५ जणांना घेऊन आलेल्या प्रवासी विमानात उंची मोजणाऱ्या एका उपकरणाने विमान जमिनीवर आहे असा चुकीचा आकडा दिला. त्यावर विसंबून स्वयंचलित थ्रॉटलने इंजिनांची शक्ती उतरवली. ऑटोपायलट उतरणीची रेषा धरण्यासाठी नाक उचलत राहिला. वैमानिकांच्या ध्यानात येईपर्यंत वेग फार घटला होता. धावपट्टीच्या अलीकडे शेतात ते आदळले आणि ९ जण गेले. ही घटना आम्ही नववी-दहावीच्या मुलांना सांगतो, लहानांना नाही. ऐकल्यावर त्यांची नजर वेगाच्या तबकडीकडे आपोआप वरचेवर जाऊ लागते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. भंतेजींनी तो पालकांच्याही आधी विचारला होता. पहिल्या वर्षी ते संगणक कक्षात येऊन शांतपणे मागे बसले. विमानाच्या पंखांखाली काय लटकले आहे, एवढेच त्यांनी विचारले. बॉम्ब, असे आम्ही सांगितले. ते का हवेत, असे त्यांनी पुढे विचारले. आमच्याजवळ तांत्रिक उत्तर होते: एका पंखाखालचा बॉम्ब सुटला की विमान दुसऱ्या अंगाला कलते, आणि असमान भार ट्रिमने कसा सावरावा हे शिकवायला त्याहून चांगले साधन नाही. भंतेजींनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "भारच हवा ना? मग दुसरा भार नाही का टांगता येत?" येत होता. उड्डाणाची आखणी करताना सर्व शस्त्रे काढून फक्त एका पंखाखाली जादा इंधनाची टाकी लावता येते. विमान तितकेच कलते. तेव्हापासून शाळेतल्या सुखोईला एकच टाकी असते आणि शस्त्र एकही नसते. आमच्या रविवारच्या खेळात शस्त्रे असतात. ते आमचे आम्ही पाहू. 'पाणातिपाता वेरमणी' रोज म्हणणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र त्याच खोलीत नेमबाजी देऊ नये, हे भंतेजींचे म्हणणे आम्हांस पटले आहे.

त्याच दिवशी त्यांनी मुलांना सोण स्थविरांची गोष्ट सांगितली. वीणेच्या तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही आणि ढिल्या सोडल्या तरी लागत नाही, ही तथागतांनी सोणाला दिलेली उपमा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ट्रिमचे इतके चपखल वर्णन आम्हांस कुठल्याही पुस्तिकेत आढळलेले नाही.

तरीही, शस्त्रे काढली तरी विमान लढाऊच का, प्रवासी का नाही, असे कोणी विचारील. याचे उत्तर आमच्या चौघांतील एकापाशी आहे. हवाई दलात वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याला निवडीच्या वेळी संगणकावरील एक चाचणी द्यावी लागते. तीत दांडा व पायपट्ट्या हाताळून दाखवाव्या लागतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत जो नापास झाला, त्याला उड्डाण शाखेचे दार पुन्हा उघडत नाही. आमचा मित्र लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या खोलीपर्यंत गेला होता. तेथे त्याच्या हाती आला तो त्याच्या आयुष्यातला पहिला दांडा होता. तो परत आला, पुढे आयटीआय करून नोकरीला लागला. यात अन्याय झाला असे तो म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. शेजारी बसलेल्या मुलांच्या घरी असला दांडा खेळण्यांच्या पेटीत पडलेला असावा, एवढे मात्र त्याला तेथे बसल्याबसल्या जाणवले होते. आमचा वर्ग ती चाचणी उत्तीर्ण करून देईल असा दावा नाही. आपल्या वसतिगृहातून कोणी त्या खोलीत गेले तर त्याचा हात बिचकू नये, इतकीच इच्छा.

सैन्य हे आपल्या समाजाला परके क्षेत्र नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. याच जिल्ह्यात महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून १८८६ साली निवृत्त होऊन समाजजागृतीला लागले. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. ते दार पुरते उघडायला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहायला दोन पिढ्या गेल्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. आमच्या वर्गात आता मुली अर्ध्याहून अधिक असतात.

ऑटोपायलटचा जन्मही हात सोडून दाखवण्यातच झाला. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सेन नदीवर लॉरेन्स स्पेरी याने आपल्या पाणविमानात भोवऱ्यासारखी फिरणारी चक्रे बसवून, प्रेक्षकांसमोरून जाताना दोन्ही हात डोक्यावर धरले होते. त्याचा सहकारी एमिल काशँ चालत्या विमानाच्या पंखावर उभा होता. हे सांगितल्यापासून मुलेही कळ दाबली की दोन्ही हात वर करतात. आम्ही तशी सक्ती केलेली नाही, पण बंदीही केलेली नाही.

गेल्या दिवाळीत नववीतल्या एका मुलीने एकाच पंखाखाली टाकी असलेले विमान बातुमीहून उचलले, किनारा उजवीकडे धरून २,००० मीटरवर आणले, थांबली, टिचक्या मारल्या, दहापर्यंत मोजले आणि कळ दाबली. पडद्यावरचे क्षितिज जरासुद्धा हलले नाही. तिने हात वर केले. मागे भंतेजी उभे होते. ते म्हणाले, "बेटा, हात मोकळे झाले. आता त्यांना काम काय?"

तिने एका हाताने वही ओढली आणि दुसऱ्या हाताने पडद्यावरचा इंधनाचा काटा दाखवला. "आता हिशेब करायचा, भंतेजी. सुखुमीपर्यंत पुरेल. पण परत येताना बातुमीपर्यंत नाही पुरणार, कोबुलेतीलाच उतरावं लागेल."

"म्हणजे दिवेआगरला," आमच्यातला वाडीवाला म्हणाला.

भंतेजींनी खुर्ची पुढे ओढली आणि उतरणे पाहण्यासाठी बसले.