रणगाडा की कॅरियर?
१९४४ च्या इटलीतील छायाचित्राखाली ‘रणगाडा’ असे चुकून लिहिले गेले, की मांडवगण फराट्याचा मराठा पायदळातील शिपाई नातवंडांच्या लेखी रणगाडा दलात जातो, आणि त्याची नोंद भलत्याच पलटणीत शोधली जाते.

म्हणून आधी गाडीचा माथा पाहावा. तो उघडा असून तोफेचा फिरता बुरूज नसेल, तर बहुधा तो कॅरियर. मग पट्ट्याआडची चाके मोजावीत. चिखलाने ती झाकलेली असतात, तेव्हा भिंग हवेच. एका बाजूस तीन चाके, पुढे जोडी व मागे एकटे, असतील तर युनिव्हर्सल, म्हणजेच शिपायांचा ‘ब्रेन कॅरियर’. दोन जोड्यांत चार असतील तर लॉइड. तो सहा पौंडी रणगाडाविरोधी तोफ ओढी. रबरी टायर दिसले, तर तो भारतात बांधलेला चाकांचा कॅरियर.