अश्वशक्ती आणि घसारा

बी.कॉम. झालेल्या माणसानं यंत्रांच्या वाटेला जाऊ नये असा एक अलिखित संकेत आहे. यंत्रांनीही तो बऱ्यापैकी पाळला आहे. आमच्या घरचा मिक्सर मला पाहिलं की बंद पडतो आणि हिनं नुसतं बटणाकडे बघितलं की सुरू होतो. त्यामुळे सांगली जिल्ह्यातल्या शाखेत बदली होऊन मला शेतीकर्जाच्या टेबलावर बसवलं, तेव्हा मिक्सरसुद्धा हसला असेल. शेती अधिकाऱ्याची जागा रिकामी होती आणि ट्रॅक्टरच्या अर्जांची चळत भरलेली होती. मॅनेजर म्हणाले, "जरा अभ्यास करा." बँकेत 'जरा' हा शब्द फार मोठा असतो.

मी पुस्तकं आणली. पहिल्याच प्रकरणात अश्वशक्ती भेटली. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आपली बैलजोडीही साधारण तेवढंच काम करते, पण 'बैलशक्ती' म्हणून ट्रॅक्टर कोण घेणार? पुढे कळलं की ट्रॅक्टरची अश्वशक्ती तीन ठिकाणी मोजतात. आणि इथे मला एकदम घरच्यासारखं वाटू लागलं, कारण हे तर सरळसरळ पगारपत्रक होतं! इंजिनाची अश्वशक्ती म्हणजे एकूण पगार. मागच्या दांड्याला, म्हणजे पीटीओला मिळते ती कपात होऊन हातात पडणारी रक्कम. आणि औत ओढायला प्रत्यक्ष उरते ती म्हणजे घरी पोचल्यावर खिशात राहिलेले पैसे. भुसभुशीत रानात चाकं जागच्या जागी घसरतात आणि पन्नासातले निम्मेच घोडे औतापर्यंत पोचतात. आमच्या घराची जमीनही अशीच भुसभुशीत आहे.

मग कामाचा हिशेब आला. औताची रुंदी मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये. दोघांचा गुणाकार करून दहानं भागलं की तासाला किती हेक्टर ते निघतं. दोन मीटरचा नऊ फणी कल्टिव्हेटर ताशी पाच किलोमीटरनं चालला तर एक हेक्टर. हे कागदावर. रानात बांधाला वळायचं असतं, फणात अडकलेला पाला काढायचा असतं, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे असतात. म्हणून ऐंशी टक्के धरायचे, म्हणजे तासाला दोन एकर. आमच्या काउंटरची कार्यक्षमता मी या सूत्रानं काढली नाही. नोकरी टिकवायची आहे.

ट्रॅक्टर निवडताना माणसं फसतात, हेही जुनंच. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्यानं 'फोर्ड' ट्रॅक्टर घेतला. मोटारवाल्या हेन्री फोर्डशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीनं फोर्ड आडनावाचा माणूस पदरी ठेवून त्याचं नाव ट्रॅक्टरला दिलं होतं! ट्रॅक्टर काही धड चालेना. क्रोझियर पुढे विधिमंडळात गेला आणि ट्रॅक्टरची चाचणी सक्तीची करणारा कायदा त्यानं १९१९ साली करून घेतला. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीला अशा चाचण्यांची केंद्रीय संस्था आहे. तिच्या अहवालात यंत्र किती ओढतं आणि किती डिझेल पितं, सगळं असतं. पण हा अहवाल मागणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या शाखेपासून किर्लोस्करवाडी जवळच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून तो पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. आता कोणी दोन वर्षं थांबत नाही. मेव्हण्याच्या दारात ट्रॅक्टर दिसला की दोन मिनिटांत निर्णय.

तात्यांचंही तसंच झालं होतं. "साहेब, मेव्हण्यानं पन्नासचा घेतलाय. आपल्याला पंचावन्नचा बघा."

तात्यांचं रान सात एकर. दोन एकर द्राक्षबाग, बाकी काळी जमीन. मी हिशेब मांडला. नांगरट, कुळवणी, पेरणी, बागेतली फवारणी, सगळं ताणून धरलं तरी वर्षाला सव्वाशे तास भरेनात. ट्रॅक्टरचा खर्च काढताना वर्षाला हजार तास धरायची पद्धत आहे.

"उरलेले भाड्यानं मारीन की!"

"तात्या, ट्रॅक्टर उभा असला तरी व्याज चालू असतं. आणि घसारा तर रविवारीही सुट्टी घेत नाही."

"पर साहेब, भाड्याचा ट्रॅक्टर येळेवर कुठं येतोय? वाफसा काय आपली वाट बघत थांबतोय व्हय?"

यावर मी गप्प झालो, कारण पुस्तकही त्यांच्याच बाजूनं होतं. काम उशिरा झालं तर पिकाचं जे नुकसान होतं तेही यंत्राच्या हिशेबात धरा, असं त्यात बजावलं होतं. इकडे घसारा, तिकडे वाफसा. मध्ये मी.

तात्यांच्या शेजारी काकू इतका वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सात-बाऱ्यावर बँकेचं नाव लागंल?"

"लागेल. कर्ज फिटेपर्यंत बोजा राहील."

"मामंजींनी १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, पर ह्यातली एक पट्टी इकली न्हाई," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या, "रात्री पाऊस झाला तर सकाळी उठून काय करावं लागतंय?"

"बागेत फवारणी. न्हाईतर डावणी येती."

"आन् नांगरट?"

"ती काय, उन्हाळ्यात कवाबी."

"मग फवारणीपुरता घ्या. नांगराय येईल भाड्याचा, चार दिस उशिरा आला तरी रान कुठं पळून जात न्हाई. आन् भाड्याचं पैसं मागायचं तुमच्यानं व्हणार न्हाई. कुणी 'तात्या, सुगीला देतो' म्हणलं की तुम्ही त्यालाच च्या पाजता. वही मी ठेवीन."

मी पुस्तक मिटलं. जे काम थांबत नाही त्याच्यासाठी विकत घ्यावं, जे थांबू शकतं ते भाड्यानं करावं, एवढं सांगायला त्या पुस्तकानं चाळीस पानं, सहा आलेख आणि एक परिशिष्ट घेतलं होतं.

चोवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर, असं कर्ज मंजूर झालं. ते पहिल्या अर्जातल्या रकमेच्या निम्म्याहून फार वर नव्हतं. मेव्हण्यानं "खेळण्यातला का वो?" म्हणून विचारलंच. तात्यांनी सांगितलं, "व्हय. पर पाऊस उघडला की तासाभरात बागेत असतो. तुमचा बांधावर वळोस्तवर आमची फवारणी उरकती."

हप्ता भरायला आता काकूच येतात. शेजारच्या बागा फवारल्याचं भाडं रोख घेतात आणि वहीत मांडतात. गेल्या खेपेला त्यांनी पावती घडी करून पिशवीत ठेवली आणि विचारलं, "साहेब, औंदा घसारा किती धरायचा?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला आणि शेजारी लिहिलं, 'एवढं बाजूला टाकणे.' मी बँकेत वीस वर्षं काढली आणि त्याआधी तीन वर्षं कॉमर्स कॉलेजात. घसाऱ्याचे पैसे खरोखर बाजूला टाकणारं माणूस मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.