हलके बिऱ्हाड

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड हलके असावे, हे शहाणपण आम्हां सरकारी माणसांना वेगळे शिकवावे लागत नाही. दिल्लीच्या वसाहतीतील दोन खोल्यांत जे मावेल तेवढेच आपले. हाच न्याय संगणकालाही लावावा, हे मात्र आम्हांला अलीकडे सुचले.

दिवसभर टिपण्या आणि स्मरणपत्रे लिहिणाऱ्या आमच्या हाताला रात्री रेषेचे वेड आहे. येथील मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ आम्ही काढतो. गावापासून दूर, स्वतःचे म्हणावे असे तेवढेच उरले आहे. संगणक मात्र जुना, स्मृती अवघी ४ गिगाबाइट. नवा घ्यावा तर मुलीच्या शाळेच्या शुल्काला हात घालावा लागणार. तेव्हा आम्ही लिनक्सकडे वळलो.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली रचला. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी उभारलेली वितरणे आज शेकड्यांनी आहेत. कलावंतांसाठी उबुंटू स्टुडिओ आहे. चित्र, ध्वनी, चलच्चित्र यांची अवजारे त्यात सज्ज मिळतात, पण त्याचा थाट वाड्याचा. उलट अँटिएक्स किंवा पपी लिनक्स झोपडीतही संसार करतात. सर्वांत हलके तेच उत्तम, असा मोह येथेच होतो.

पण हिशेब मांडून पाहावा. इंचाला ३०० बिंदू धरले, तर ए-४ आकाराच्या चित्रात सुमारे ८७ लाख बिंदू भरतात. प्रत्येकाला ४ बाइट म्हणजे एका थराला सुमारे ३५ मेगाबाइट. ४० थरांना १४००. क्रिता वाड्यात चालवा की झोपडीत, हा आकडा हटत नाही. वितरण हलके झाले म्हणून चित्र हलके होत नाही. केवळ पाय पसरायला जागा मिळते. त्या जागेसाठी किती सोयी सोडायच्या, एवढाच खरा प्रश्न.

आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडली. तिला किमान २ गिगाबाइट लागतात आणि ४ सुखाने पुरतात, असे तिचे कर्तेच सांगतात. संगणकात काहीही न बसवता, पेनड्राइव्हवरूनच चालवून आम्ही तीन गोष्टी पारखल्या : वाय-फाय लागते का, टॅब्लेटला लेखणीचा दाब कळतो का, आणि इनस्क्रिप्टने ‘ज्ञानेश्वर’ शुद्ध उमटतो का. तिन्ही जमले. आता चित्र क्रितात, शीर्षकाची अक्षरे इंकस्केपमध्ये, पानांची मांडणी स्क्राइबसमध्ये. रंगवताना ब्राउझर बंद ठेवायचा, हा घरचा नियम. कारण स्मृतीचा मोठा घास तोच घेतो.

थर फार झाले की यंत्र अजूनही कुरकुरते. मग दोन थर एकजीव करावे लागतात. म्हणजे हा रंग आता कायमचा, असे ठरवावे लागते. ज्यांची स्मृती अमाप आहे त्यांना हा निर्णय लांबणीवर टाकता येतो. उमेदीची वर्षे फायली पुढे सरकवण्यात घालवणाऱ्या आम्हांला ही सक्ती, खरे सांगायचे तर, फार मानवली आहे.