फडताळातली बरणी

आमच्या इंदूरच्या जुन्या घरात लोणच्यांच्या बरण्या स्वयंपाकघरातील फडताळात ओळीने मांडलेल्या असत. कैरी, लिंबू, आवळा, मिरची अशी ती मानाची पंगत होती. एक लहानशी बरणी मात्र या पंगतीत नव्हती. मागच्या पडवीतल्या कोनाड्यात, कंदिलाच्या आणि रॉकेलच्या बाटलीच्या शेजारी तिला जागा मिळाली होती. ती आईची बरणी होती आणि तिच्यात अळंब्यांचे लोणचे होते.

आमचे घराणे होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आलेले. पिढ्यान् पिढ्या इथे राहून भाषेत हिंदीचे शब्द आले, ताटात दाल-बाफले आले. पण घरचे आचार मात्र आमच्या पूर्वजांनी जसे आणले तसेच, किंबहुना अधिकच काटेकोरपणे सांभाळले गेले. मूळ गाव सुटलेल्या माणसाला आचारांचाच आधार वाटत असावा. अशा घरात १९६४ साली आई सून म्हणून आली ती गोव्यातल्या फोंडा महालातून. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे होत होती. दोन्ही घरे शाकाहारी, दोन्ही घरे मराठी पोथ्या वाचणारी. सोयरीक जुळायला काही अडचण आली नाही. अडचण पुढे आली, आणि ती एका बरणीच्या रूपाने आली.

गोव्यात पावसाळा सुरू झाला की वारुळांवर अळंबी उगवतात. तिकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि अळंब्यांना अळमी. आषाढ-श्रावणात रानातून अळमी काढून आणणाऱ्या बाया ती पानांत बांधून, मोजून विकतात. आईच्या माहेरी अळमी ही भाजीच समजली जाई. भाजलेले खोबरे, धणे, मिरी वाटून केलेले अळम्यांचे तोणक ही तिच्या लेखी पावसाळ्याची खरी खूण होती. इंदुरात मात्र आजोबांच्या लेखी अळंबे हे अभक्ष्य. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या जोडीने कवकही वर्ज्य सांगितले आहे, हे ते सांगत आणि ते खरेच आहे. गंमत एवढीच, की त्याच यादीतल्या कांद्याला आमच्या घराने कधीच क्षमा केली होती. चातुर्मास लागण्यापूर्वी कांदेनवमीला आजोबा स्वतः भज्यांची फर्माईश करीत. कांद्याला जी वाट सापडली ती अळंब्याला सापडली नाही, कारण कांद्याचा कैवार घेणारे घरात सगळेच होते आणि अळंब्याची बाजू घेणारी एकटी आई, तीही नवी सून.

गोव्यात अळमी ताजीच खायची वस्तू. काढल्यावर दुसऱ्या दिवशीच ती मऊ पडतात, काळवंडतात. इंदूरपर्यंत ती पोचणार कशी? लेक इतक्या दूर दिली नसती तर माझ्या गोव्याच्या आजीला अळम्यांचे लोणचे घालण्याचे कारणच पडले नसते. मामा दरवर्षी भाऊबीजेला येई तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेली ती बरणी असे. वास्कोहून लोंढ्याकडे मीटर गेजच्या गाडीने, मग पुढे गाड्या बदलत बदलत तो दोन-तीन दिवसांनी पोचायचा. ओवाळणीच्या ताटात तो रुपये घालीच. पण आईचे डोळे ट्रंकेकडे असत.

बरणी आली की ती पडवीत जाई. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर आई आपले ताट घेऊन पडवीत बसायची. भातावर दोन फोडी घ्यायची, हात धुवायची, बरणीचे फडके पुन्हा दोऱ्याने बांधायची. मी पाच-सहा वर्षांची असेन. मी तिच्याजवळ जाऊन बसले की ती म्हणे, ‘‘आमच्याकडे सातेरी देवीची पूजा रोयणीच्या रूपानेच करतात. देवीच्या दारात उगवलेलं ते वाईट कसं असेल, बाय?’’ हे ती मला सांगे. आजोबांना तिने कधी सांगितले नाही.

त्या रोयणीच्या पोटात काय चालते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. वाळवीच्या काही जाती शेती करतात. पालापाचोळा आणि लाकूड चघळून त्यांच्या विष्ठेतून त्या वारुळात स्पंजासारखे पोळे रचतात आणि त्यावर एक बुरशी वाढवतात. वाळवीला न पचणारे लाकडातले घटक ही बुरशी मोडून देते आणि वाळवी ते खाते. पावसाने माती भिजली की हीच बुरशी लांब मुळासारखा देठ वर ढकलते आणि जमिनीबाहेर छत्री उघडते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या कुळाला ‘टर्मिटोमायसिस’ असे नाव दिले. बटन किंवा धिंगरी अळंबी आज शेडमध्ये सर्रास पिकवतात. अळम्यांना मात्र वाळवी लागते. वारूळ मोडले की पुढच्या वर्षीची अळमीही गेली. म्हणूनच गोव्यात डॉ. नंदकुमार कामत यांच्यासारखे कवकशास्त्रज्ञ ही वारुळे राखण्याविषयी वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत, आणि अभयारण्यांतून अळमी काढण्यास तिथल्या वनखात्याची मनाई आहे.

१९७३ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आईला अन्न म्हणून ठरत नव्हते. वरणाचा वास आला तरी तिला उलटी व्हायची. आजीने मुरंबा, लिंबाचे सार, पोह्याचा पापड, सगळे करून पाहिले. मार्गशीर्षातल्या एका दुपारी आजी उठली, पडवीत गेली, आणि ती बरणी दोन्ही हातांनी धरून आत घेऊन आली. आईच्या पुढ्यात मऊ भात होता. आजीने डावाने दोन फोडी त्यावर वाढल्या. आई जेवली. मग आजीने बरणी फडताळाच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवून दिली.

रात्री आजोबांनी ती पाहिली. ‘‘ही इथे कशी?’’ एवढेच त्यांनी विचारले.

‘‘पोटातल्या जिवाला सोवळं-ओवळं कळत नाही,’’ आजी म्हणाली.

आजोबांनी ताटाभोवती पाणी फिरवले आणि ते जेवू लागले. त्यांनी ती बरणी बाहेर काढायला सांगितली नाही. अळंबे त्यांनी जन्मात तोंडात घातले नाही, आणि आजीनेही नाही. पण बरणी पुन्हा पडवीत गेली नाही. पुढे आईने त्या लोणच्याचे उपयोगही वाढवले. बाफल्यांच्या डाळीबरोबर ती आम्हा मुलांना एकेक फोड वाढी. उकडलेल्या बटाट्यात फोडी बारीक चिरून मिसळी. दह्यात लोणच्याचा खार कालवी. आणि बरणी तळाला गेली की उरलेला मसाला चवळीच्या उसळीत घालून बरणी विसळून घेई. मांस न खाणाऱ्या घरात त्या फोडींची चव वेगळीच, भरीव लागे. अळंब्यांत ग्लुटामेटसारखी चव खोल करणारी द्रव्ये असतात, म्हणून तसे लागते, हे ज्ञान नंतरचे.

आजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी आईने मला हसत हसत एक गुपित सांगितले. लोणच्याला आंबटपणा येई तो माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याचा. आईच्या माहेरी शेजारच्या ख्रिस्ती बाई तो घरी करीत आणि माझी आजी त्यांच्याकडून बाटली आणी. त्यातच मिरच्या, मोहरी, जिरे, लसूण, हळद वाटायची, पाण्याचा थेंब घालायचा नाही. अळमी मिठाच्या पाण्यात उकडून, निथळून, फडक्यावर कोरडी करून, तेलावर परतून त्या मसाल्यात शिजवायची. म्हणजे आमच्या फडताळात अळंबी होतीच, त्यांच्या जोडीला सूरही होती! आई म्हणाली, ‘‘सासूबाईंना सांगितलं असतं तर बरणी आत आली नसती.’’ मी म्हटले, सुरेतले मद्यार्क आंबून त्याचे आम्ल झाले की ती सूर राहतच नाही. ‘‘हे तू मामंजींना सांगायला हवं होतंस,’’ आई म्हणाली.

तो शिरका केवळ चवीसाठी नव्हता, हा धडा मला माझ्याच चुकीने मिळाला. मामी थकली, घराजवळची रोयण नव्या बांधकामात सपाट झाली, आणि बरणी यायची थांबली. २००३ साली मी बाजारातली बटन अळंबी आणून कैरीच्या लोणच्याच्या रीतीने लोणचे घातले. मोहरी, मीठ, हिंग आणि वर बोटभर तेल. शिरका घातला नाही. आठवड्याभरात तेलातून बुडबुडे वर येऊ लागले. आई म्हणाली, मीठ कमी पडले. बाबांनी ते फेकून द्यायला लावले. पुढे वाचनात आले तेव्हा मी हादरले. कैरीचे लोणचे कैरीच्या स्वतःच्या आंबटपणावर टिकते. अळंब्याला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नाहीच. मातीतल्या ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूचे बीजाणू साध्या उकडण्याने मरत नाहीत. तेलाखाली हवा नसते आणि आम्लही नसते, तेव्हा तिथे ते वाढू शकतात आणि जे विष तयार करतात त्याने श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. त्या विषाला वास येईलच असे नाही. माझी बरणी फसफसली हे आमचे नशीब. गुपचूप बिघडली असती तर ती आईच्या ताटात गेली असती. जिला लिहिता-वाचता जेमतेम येत होते त्या माझ्या आजीने शिरका का सोडला नाही, हे मला शास्त्राची पाने उलटल्यावर कळले.

आता आई ऐंशी ओलांडून गेली आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबापायी मीठ कमी करायला सांगितले आणि लोणच्यांवर फुली मारली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते. आपल्या घरांतून ते लोणच्या-पापडाशिवायही सहज ओलांडले जाते. ताजे अळंबे या बाबतीत निर्दोष आहे. १०० ग्रॅम बटन अळंब्यांत ९० ग्रॅमहून अधिक पाणीच असते, प्रथिने सुमारे ३ ग्रॅम, उष्मांक वीस-बावीस. पोटॅशियम चांगले, सोडियम नाममात्र, आणि ‘ब’ गटातली रायबोफ्लेविन व नायसिन ही जीवनसत्त्वे. अळंबी काही वेळ उन्हात ठेवली तर त्यांत ‘ड’ जीवनसत्त्वही तयार होते. लोणचे घातले की हिशेब बदलतो. उकडण्याच्या पाण्यात ‘ब’ जीवनसत्त्वांचा काही भाग निघून जातो आणि सोडियम कितीतरी पटींनी वाढते. तेव्हा पोषणासाठी ताजी भाजी करावी आणि लोणचे चवीपुरते घ्यावे, हे खरे. पण चवीपुरते म्हणजे नक्की किती, हे ज्याचे तोंड विटले आहे त्याला विचारायचे असते. आईचे जेवण अर्ध्यावर आले होते.

शेवटी डॉक्टरांना विचारूनच मी मार्ग काढला. आजीच्या लोणच्याचा टिकाऊपणा आम्लावर होता, तेव्हा मीठ निम्म्याहून कमी करून शिरका मात्र पातळ न करता घातला. अळंबी आधी नीट उकडली. थोडेच केले, लहान बाटलीत भरले, फ्रिजमध्ये ठेवले आणि दोन आठवड्यांत संपवायचे ठरवले. दुपारच्या भाताबरोबर एक फोड, त्याहून जास्त नाही. जंगली अळंब्यांच्या वाटेला मी गेले नाही. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडतो का ते पाहून विषारी अळंबे ओळखण्याच्या साऱ्या युक्त्या खोट्या आहेत, आणि आईसारखी रोयणीची पारख मला नाही.

आईने पहिली फोड चावली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘ही अळमी नव्हेत.’’ मी म्हटले, ‘‘नव्हेत.’’ तिने भाताचा पुढचा घास घेतला. त्या दिवशी तिने ताट पुरे केले.

जेवण झाल्यावर मी बाटली फ्रिजमध्ये ठेवायला उठले, तर ती म्हणाली, ‘‘तिथे कशाला? फडताळात ठेव.’’ मी तिला मीठ कमी असल्याचे, बाहेर टिकणार नसल्याचे समजावून सांगितले. तिने मान हलवली. पण तिचे समाधान झाले नाही हे मला दिसत होते. संध्याकाळी मी माळ्यावरून ती जुनी बरणी काढली, धुतली, पुसली आणि फडताळाच्या खालच्या फळीवर ठेवून दिली. ती रिकामीच आहे, हे आईलाही ठाऊक आहे. पण रोज जेवायला बसताना ती एकदा तिकडे पाहते आणि मगच म्हणते, ‘‘आण ती तुझी बाटली.’’