आईला ऐकू येणारा होकार

सार्वजनिक टेलिफोनचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि धोरणांचा म्हणून सांगितला जातो. १९८४ साली सी-डॉट स्थापन झाली, पुढे सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ निघाले, आणि घरी फोन नसलेल्यालाही परगावी बोलता येऊ लागले. ते देताना अपंगांना प्राधान्य असे, त्यामुळे अनेक घरे त्यावर उभी राहिली. हे सारे खरेच. डोंबिवलीत वाढलेल्या मला मात्र त्यात एक निराळा नकाशाही दिसतो.

आगगाडी १८५३ साली ठाण्याला पोचली, १८५४ साली कल्याणला. लोकलने जाणाऱ्याला हा सगळा सलग मुलूख वाटतो. टेलिफोनने मात्र मध्येच रेघ ओढली: ठाणे मुंबईच्या ०२२ मध्ये, कल्याण-डोंबिवली ०२५१ मध्ये. ताई लग्न होऊन ठाण्याला गेली, तेव्हा आईच्या लेखी ती परगावी गेली. तिच्याशी बोलायला आधी कोड लावावा लागे.

बूथचा लाकडी कप्पा, काचेचे दार, समोर मीटरचे पळणारे तांबडे आकडे, बाहेर रांग. आईची वाक्ये तारेइतकी आखूड होत. "जेवलीस? बरं आहे ना सगळं?" पलीकडे ताईही सासरच्या दिवाणखान्यात, चारचौघांत उभी. तिला उत्तर एकच देता येई: "हो." त्या एका अक्षराचा अर्थ आई सुरावरून लावी. एखादा 'हो' ऐकून ती रिसीव्हर ठेवी, पैसे देई आणि घरी न येता तशीच स्टेशनकडे वळे. काय ऐकलेस, असे विचारले तर तिला सांगता येत नसे.

संवादातले अनुच्चारित, मौनाचा अर्थ यांविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. मला ते प्रथम त्या बूथपाशी भेटले.

१९९५ साली देशात मोबाइल आला, २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि बूथ झेरॉक्स-रिचार्जची दुकाने होत गेले. लँडलाइनचे कोड आजही वेगळे आहेत. मोबाइलला त्यांचे सोयरसुतक नाही. आता ताई स्वतःच्या खोलीत दार लावून आईशी तासभर बोलते, मनातले सगळे सांगते. हे स्वातंत्र्य तिला फार उशिरा मिळाले. त्यापुढे बूथविषयी हळवे होण्याचा हक्क मला उरतो, असे वाटत नाही.