गाडी किती उंच करायची?

घरात जुनी जिप्सी असली की तिच्यावर सगळ्यांचा हक्क असतो आणि तिच्याबद्दल सगळ्यांना मतंही असतात. आमची १९९८ सालची आहे. चिपळूण तालुक्यातल्या आमच्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता येत नाही. शेवटचा दीडेक किलोमीटर जांभ्याच्या कातळावरून जातो आणि मध्ये एक पऱ्या आडवा येतो. उन्हाळ्यात त्यातून कोंबडी चालत जाते. आषाढात मात्र दुचाकीवाले अलीकडेच थांबतात. अशा दिवसांत कुणाच्या छातीत दुखायला लागलं, कुणाचे दिवस भरले, की दार आमचंच वाजतं. त्यामुळे जिप्सी उंच करायची का, हा आमच्याकडे केवळ हौसेचा विषय नव्हता.

विषय काढला भाच्याने. तो पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीला आला की गाडीखाली असतो. "मामू, पाच इंच उचलूया. वर मोठे टायर. मग पऱ्या काय, वाशिष्ठी पार करू." अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "उचला की. मला फक्त एक शिडी आणून द्या." तिचं वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. महिन्यातून दोनदा तिला याच गाडीने दवाखान्यात न्यावं लागतं. निर्णय या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी घ्यायचा होता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण तिथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जिप्सीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहेत, म्हणजे दोन चाकांना जोडणारा अखंड दांडा. त्याच्या पोटात डिफरन्शियलचा गोळा असतो आणि गाडीखालचा सगळ्यात खालचा भाग बहुतेक वेळा तोच असतो. तुम्ही कमानी बदला, शॅकल लांब करा, बॉडी वर घ्या, हा गोळा जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो, कारण तो चाकांवर उभा आहे, कमानींवर नाही. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. आमच्या गाडीला २०५/७० आर १५ टायर होते, व्यास ६६८ मिलिमीटर. भाच्याला हवे होते २३५/७५ आर १५, व्यास साधारण ७३३. फरक ६५ मिलिमीटरचा, पण गोळा वर जाणार जेमतेम ३३ मिलिमीटर. सव्वा इंच.

मग लिफ्टने मिळतं काय? चेसिस वर जाते. चढ सुरू होताना पुढचा बंपर लागत नाही, उंचवटा ओलांडताना पोट घासत नाही, मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. हे फायदे खरे आहेत. फक्त आपली गाडी नेमकी कुठे अडते, हे आधी बघायला हवं. मी भाच्याला घेऊन तो दीड किलोमीटर पायी चाललो. कातळावर दोन ठिकाणी घासल्याच्या खुणा होत्या, दोन्ही गोळ्याच्या. बंपर कुठेच लागत नव्हता. म्हणजे पाच इंच उचलूनही त्या दोन दगडांना गाडी लागलीच असती.

दुसरं काम मोजपट्टीचं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना मोजलं. मग एका मित्राच्या जिप्सीवर तेच माप घेतलं. त्याने गेल्याच वर्षी चारही कमानी नव्या घातल्या होत्या. आमची गाडी मागून जवळपास दीड इंच बसलेली निघाली, पुढून एक, आणि उजवीकडे त्याहून थोडी जास्त. पंचवीस वर्षं आंब्याच्या पेट्या, सिमेंटच्या गोण्या आणि माणसं वाहून पाट्यांचा बाक गेला होता. जुन्या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न किती उचलायची हा नसतो. ती किती खाली आली आहे, हा असतो.

आता पर्याय एकेक करून.

सगळ्यात स्वस्त लांब शॅकल. कमानीच्या टोकाला झुलणारी जी कडी असते, ती दोन इंच लांब केली तर गाडी एक इंच उचलते, कारण कमानीचं एकच टोक खाली जातं. पण जिप्सीत पुढची शॅकल अ‍ॅक्सलच्या पुढे आहे. ती लांब केली की अ‍ॅक्सल किंचित फिरतो, किंगपिनचा मागचा कल कमी होतो आणि वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून सरळ होईनासं होतं. कुंभार्ली घाट उतरताना मला ते नको होतं.

दुसरा पर्याय बॉडी लिफ्टचा. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालायचे. कमानी, शाफ्ट, ब्रेकचे पाइप फारसे हलत नाहीत आणि टायरला जागा मिळते. पण चेसिस तिथल्या तिथेच राहते आणि अम्मीची पायरी तेवढी वर जाते. म्हणजे आमच्यासाठी तोटा तेवढा पक्का.

तिसरा, भाच्याचा लाडका पर्याय. जिप्सीत कमान अ‍ॅक्सलच्या खालून जाते. ती वरून घ्यायची, म्हणजे अ‍ॅक्सलवर नवीन बैठका वेल्ड करून कमान त्यावर ठेवायची. एका झटक्यात पाच इंचांच्या आसपास उंची मिळते आणि कमानी जुन्याच चालतात. जगभर लोकांनी हे केलं आहे आणि नीट केलेली गाडी खडकावर सुरेख चालते. पण त्याच्यामागून कामांची रांग येते. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, त्याची मांडणी बदलावी लागते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे होज लांब लागतात, शॉकअप वेगळे लागतात. जोराने पिकअप घेतला की कमान पिळवटते. आणि वेल्डिंग कच्चं राहिलं तर काय होईल, ते लिहायची गरज नाही.

शिवाय गाडी अरुंद. जिप्सीची रुंदी दीड मीटरच्या थोडी वर आहे. तिची अमेरिकेत विकली गेलेली आखूड बहीण म्हणजे सुझुकी सामुराई. १९८८ मध्ये तिथल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने ती वळणावर उलटू शकते म्हणून तिला 'अस्वीकारार्ह' ठरवलं. कंपनीला हे मान्य नव्हतं. १९९६ मध्ये ती कोर्टात गेली आणि २००४ मध्ये तडजोड झाली. चूक कोणाची हा वाद बाजूला ठेवू. आमची जिप्सी सामुराईपेक्षा लांब आहे, हेही खरं. पण अरुंद गाडीचा भार पाच इंच वर नेला की ती कुठल्या बाजूला झुकणार, हे समजायला कोर्ट लागत नाही.

राहिला चौथा पर्याय, कमानीचाच. त्यासाठी हायवेवरच्या कमानवाल्या चाचांकडे गेलो. कमान हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ धनुष्य. मराठीने तो दरवाज्यालाही दिला आणि ट्रकच्या पाट्यालाही. चाचा ट्रकच्या कमानी तीस वर्षं बांधताहेत. जुमा सोडला तर दुकान बंद दिसत नाही. मी विचारलं, जुन्या पाट्यांना बाक मारून देता का? म्हणाले, "देईन की. पैसेही घेईन. पण भाई, ठोकून आणलेला बाक किती दिवसांचा? लोखंडाला आपलं जुनं बसणं आठवतं." गरम करून वाकवला आणि पाणी नीट चढलं नाही, तर पाटा मऊ पडतो किंवा तुटतो. एखादा जादा पाटा घालायचा तर आखूड जाड नको, लांब पातळ घ्या, असंही त्यांनी सांगितलं. आखूड पाटा उंची देतो, पण रिकामी गाडी दगडासारखी उडते. जिप्सी आधीच कडक. मागच्या बाकावर पोटुशी बाई बसली असेल, तर तो एक इंच तिला महाग पडतो.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही एका निकालात हे ठामपणे सांगितलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. जुन्या गाडीवाल्याला हे टळत नाही. म्हणून कामाला हात घालण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावं, शक्यतो लेखी. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नाही.

शेवटी आम्ही गाडी उचलली नाही, तिची हरवलेली उंची तिला परत दिली. चारही कमानी नव्या, मूळ मापाच्या. बुश, शॅकलच्या पिना आणि यू-बोल्टही नवे. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. शॉकअप नवे. टायर एक पायरी मोठे, २१५/७५ आर १५. तेही दोन्हीकडे विचारल्यावरच. गोळा १८ मिलिमीटर वर आला, बॉडी मागून दोन इंचांहून थोडी जास्त. २३५ चे टायर घेतले असते, तर स्पीडोमीटर सुमारे नऊ टक्के कमी दाखवू लागला असता आणि तेराशे सीसीचं इंजिन घाटात दमलं असतं. हेडलाइटची दिशा मात्र पुन्हा लावावी लागली. मागून वर आलेल्या गाडीचा झोत खाली पडतो, पुढून वर आलेल्या गाडीचा समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आणि ते दोन दगड? दोन गडी, एक पहार, एक सकाळ. वाडीतली बाकीची मंडळीही आली. आता तिथून रिक्षाही जाते.

भाचा थोडा खट्टू झाला. त्याचा एक मुद्दा मला पटतो. पुढे कधी रस्ता आणखी वाहून गेला, तर एखादा इंच लागेलही. पण पऱ्याच्या बाबतीत मी त्याला स्पष्ट सांगितलं. २०२१ च्या जुलैत चिपळूण शहरात पाणी शिरलं, तेव्हा उंच गाड्याही वाहून गेलेल्या आपण पाहिल्या. वाहतं पाणी दोन फुटांवर गेलं की गाडी तरंगायला लागते, कमानी कितीही उंच असोत. पऱ्यात एक खुंटी रोवली आहे, तिच्यावर लाल रेघ आहे. पाणी रेघेवर असलं की जिप्सी अलीकडेच थांबते आणि पेशंटला साकवावरून पलीकडे नेतात. तिथे रिक्षा बोलावून ठेवायची.

अम्मी आता मागच्या दाराऐवजी पुढे बसते. सीटखाली एक लाकडी पाट असतो. पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, असं चाचांनी बजावलं आहे. नवा पाटा बसतो तसे ते सैल होतात. मीटर चारशे वीसवर आहे. ईदला भाचा येईल, तेव्हा ते काम त्याच्याकडे.