शंभराचा एक चौकोन

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, ड्रेस अल्टर करणं, एवढंच काम. दुकानात आलं की समोरच्या भिंतीवर पेपर कटिंगचा तपकिरी कागद दिसतो. त्यावर चौकोन आखलेत आणि बऱ्याच चौकोनांत कापडाचे नखाएवढे तुकडे चिकटवलेत. नवीन गिऱ्हाईक विचारतंच, "हे डिझाइन कशाचं हो?" ती माझी बचत आहे. एक चौकोन म्हणजे शंभर रुपये.

हा कागद लावायच्या आधीही मी पैसे बाजूला टाकत होते, लग्न झाल्यापासून टाकत होते. पण त्यात जीव रमायचा नाही. महिनाअखेरीला जे उरेल ते ठेवायचं, आणि उरायचं क्वचित. उरलंच तर पुढच्या महिन्यात कुणाचं बारसं, कुणाचा आहेर, घरातलं आजारपण. त्या पैशाला काही नाव नव्हतं, म्हणून जो मागेल त्याचा तो व्हायचा. मुलीचं सुकन्या समृद्धीचं खातं योजना सुरू झाली त्याच वर्षी, २०१५ मध्ये, पोस्टात काढलं होतं. त्यातही वर्षाला भरावेच लागतील तेवढेच पैसे जायचे. बचत म्हणजे मन मारायचं, हेच डोक्यात बसलेलं.

त्या वेळी माझ्याकडे पिकोचं मशीन नव्हतं. पिकोच्या साड्या दुसऱ्या दुकानात द्यायला लागायच्या. साडीमागचे पैसे तिकडे जायचे आणि लग्नसराईत साडी वेळेवर परत येईल याचा भरवसा नसायचा. मोटार आणि टेबल धरून मशीनला पंधरा हजार लागणार होते. आमचे हे शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहेत. त्यांच्या पगारावर घर चालायचं, मशीन त्यातून येणार नव्हतं. पंधरा हजार हा आकडा मनात आला की मी विषयच सोडून द्यायची. शंभराचं मात्र तसं नव्हतं. दोन साड्यांचं फॉल लावलं की शंभराची नोट हातात यायची.

चौकोनांची कल्पना मुलीची. तेव्हा ती पाचवीत होती आणि शाळेतल्या तक्त्यांची सवय होती. तिने माझ्याच फुटपट्टीने दहा आडवे चौकोन आणि सोळा ओळी आखल्या. पंधरा ओळी मशीनच्या. सोळावी ओळ चैनीची, हे मी ठरवलं. ती ओळ भरली की ते हजार रुपये घरातल्या सगळ्यांनी मिळून उडवायचे आणि त्यातला रुपयाही परत बचतीत टाकायचा नाही. कागदाच्या डोक्यावर मुलीने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आईचं पिको मशीन'.

चौकोनात रंग भरायचा की टिकली लावायची, यावर मायलेकींची चर्चा झाली. शेवटी ठरलं की त्या दिवशी बेतलेल्या कापडाचं कातरण चिकटवायचं. दुकानात कातरणांना तोटा नसतो. त्यातून जी गंमत सुरू झाली ती मी आधी कल्पिलीसुद्धा नव्हती. श्रावणातले हिरवे तुकडे, नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ रंग ओळीने, दिवाळीच्या आधी जरीचे, मग लग्नसराईतले पैठणीचे जांभळे आणि खणाचे. कागद अर्धा भरला तेव्हा तो वाकळीसारखा दिसायला लागला. कोणता तुकडा कुणाच्या ब्लाऊजचा, हे मला आठवायचं. गिऱ्हाइकंही आपापलं कापड शोधायची. एकदा एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "मावशी, माझं कापड त्या कोपऱ्यात नको, मधे लावा." मी काढून मधे लावलं.

तुकडा चिकटवायचा नियम एकच, आणि तो मी आजही मोडत नाही: शंभर रुपये दुकानाबाहेर गेल्याशिवाय तुकडा लागत नाही. ड्रॉवरमध्ये असलेले शंभर म्हणजे साठवलेले शंभर नव्हेत. इथे पिग्मीचा उपयोग झाला. आमच्या भागात पिग्मी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पानपट्टीवाला, भाजीवाली, गॅरेजवाला, सगळ्यांकडे संध्याकाळी एजंट येतो. ही पद्धत आली कर्नाटकातून. उडुपीत सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये ती चालू केली. बँकेची माणसं दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायची. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना गल्लोगल्ली चालू आहे.

आमचे पिग्मीवाले काका सातच्या सुमाराला येतात. पूर्वी त्यांच्याकडे कार्ड असायचं, त्यावर आकडा लिहून सही करायचे. आता हातातल्या मशीनमधून चिठ्ठी निघते. कागद लावल्यावर काकांचं दारातलं बोलणंच बदललं. आधी म्हणायचे, "वहिनी, आज किती घालू?" मग म्हणायला लागले, "वहिनी, आज कुठला रंग?" मी तुकडा चिकटवेपर्यंत ते थांबायचे, मग पुढच्या दुकानात. आपण पैसे बाजूला टाकतोय हे रोज कुणीतरी बघतंय, त्याला त्याचं कौतुक आहे, याने केवढं बळ येतं! घरात साठवताना ते कुणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त खर्च, आणि त्यावर बोलायला सगळे असतात.

पिग्मीवर व्याज कमी मिळतं. मुदतीआधी पैसे काढले तर ते बुडतं, काही ठिकाणी वर कपातही होते. रोज माणूस पाठवायचा खर्च आहे, एजंटाचं कमिशन आहे, ते कुठून तरी निघणारच. मला ते जड वाटत नाही. पिग्मीत मी पैसे गोळा करते, ठेवत नाही. मुदत पुरी झाली की जी रक्कम लगेच लागणार नाही ती पोस्टात जाते. पोस्टाची पाच वर्षांची आरडी महिना शंभर रुपयांपासून उघडता येते. बारा हप्ते नियमित भरले की जमलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं, म्हणजे अडीनडीला खातं मोडायला लागत नाही. हप्ता न्यायला एजंट ताई दुकानात येतात. पोस्टात मात्र चौकोनाची मजा नाही, हेही खरं. तिथे पैसे निवांत पडतात.

आषाढात आमचा धंदा बसतो. लग्नं नाहीत, कोल्हापूरचा पाऊस दिवसभर, साडी नेसून बाहेर कोण पडणार? अशा दिवसांत शंभर निघायचे नाहीत. तेव्हा मी ठरवलं, रक्कम कमी झाली तर चालेल, पण काका आले आणि हात हलवत गेले असं होऊ द्यायचं नाही. मग पंचवीस, कधी वीस, कधी दहासुद्धा. चार दिवसांत एक चौकोन भरायचा. मुलीने त्यावर तोड काढली: पंचवीस रुपयांना चौकोनाच्या पावभर आकाराचा तुकडा. त्या वर्षीच्या आषाढाच्या ओळी अशा बारीक तुकड्यांच्या आहेत आणि सगळ्यात सुंदर त्याच दिसतात.

मशीन आलं. सोळावी ओळ भरली तेव्हा आम्ही चौघं, आत्याबाईंना घेऊन, रंकाळ्यावर गेलो. भेळ खाल्ली, आईस्क्रीम खाल्लं, पोरीने घोड्यावर बसायचा हट्ट केला तोही पुरवला. आत्याबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "हे पैसे कुठनं आले गं?" मी म्हटलं, "साठवले होते, उडवायला." असा खर्च करताना मनात कुठेही टोचणी नव्हती. बचत करणाऱ्या बायकांना मी कळकळीने सांगते, ही चैनीची ओळ गाळू नका. चहा बंद करून, पोरांच्या हातातला वडापाव काढून घेऊन केलेली बचत टिकत नाही. घरातली माणसंच तिच्या विरोधात जातात.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या दुकानात पाणी शिरणार हे कळल्यावर आधी गिऱ्हाइकांची कापडं वर हलवली, मग मशीनची हेड काढून नेली. टेबलं, मोटारी, कपाट खालीच राहिलं. पाणी उतरल्यावर आत गेले तेव्हा सगळीकडे गाळ होता आणि मोटारींतून पाणी गळत होतं. त्या वेळी दुसरा कागद चालू होता, 'जुकी मशीन' नावाचा. तो शेजारणीकडे माडीवर होता. मुलीने 'जुकी मशीन' खोडून तिथे 'दुकान' लिहिलं. पिग्मीची मुदत नुकतीच भरली होती. त्या पैशांतून मोटारी भरून घेतल्या, नवीन टेबल केलं, भिंतीला रंग दिला. कुणाकडे हात पसरायला लागला नाही. घरातल्या गल्ल्यात ठेवले असते तर गाळातून नोटा वेचत बसले असते.

याच काळात आमच्या गल्लीतल्या भिशीचंही महत्त्व मला कळलं. बाराजणी, महिन्याला पाचशे, पहिल्या रविवारी चिठ्ठ्या. सहा हजार हातात येतात, व्याज वगैरे काही नाही. हिशेबाने बघितलं तर आपलेच पैसे आपल्याला मिळतात. पण आमच्या भिशीत दोन नियम आहेत. जिचा नंबर लागेल तिने त्या पैशाचं काय करणार ते तिथेच सगळ्यांसमोर सांगायचं. आणि वस्तू घेतली की सगळ्याजणींनी ती बघायला जायचं. पोळ्या करायला जाणारी एक मैत्रीण आहे, तिने गॅसची शेगडी घेतली तेव्हा आम्ही बाराजणी तिच्या एका खोलीत मावत नव्हतो. शेगडीला हळदकुंकू वाहिलं, तिने तिच्यावर पहिला चहा केला. एकीने मुलाची आयटीआयची फी भरली, तर आम्ही पोराला बोलावून पेढे दिले. महापुरात जिच्या घरात पाणी होतं तिला न मागता पहिला नंबर दिला, चिठ्ठीच काढली नाही.

२०२० मध्ये टाळेबंदीत भिशी फोनवरून पैसे पाठवून चालवली. पैसे वेळेवर यायचे, नंबर वेळेवर लागायचा, पण चवच गेली. दोघी म्हणाल्या, "आता पुरे, बंद करूया." बसणं-उठणं पुन्हा सुरू झालं, गच्चीवर लांब लांब खुर्च्या टाकून, तेव्हा त्याच दोघी सगळ्यात आधी आल्या.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. आमच्या ओळखीतल्या एका बाईंची आयुष्यभराची कमाई एका पतसंस्थेत अडकली. जास्त व्याज मिळतं म्हणून ठेवलेली. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, माणशी ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० च्या आधी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थांना हा विमा लागू नाही. पिग्मी सुरू करताना एजंटाच्या ओळखीवर जाऊ नका. पैसे बँकेत जाणार की पतसंस्थेत, हे पहिल्या दिवशी विचारा आणि पासबुक दर महिन्याला भरून घ्या. आमचे काका भले माणूस आहेत, तरी मी दर महिन्याला जाते. त्यांनाच ते आवडतं.

मुलगी आता अठराची झाली. सुकन्याच्या खात्यातून शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. त्यात गेल्या काही वर्षांत कागदांवरून आलेले पैसे आहेत, म्हणून ती रक्कम फी भरण्याजोगी झाली आहे.

तुमच्या गल्लीत भिशी असेल तर तिच्यात यंदा एखाद्या नव्या सुनेला घ्या, एखाद्या धुणी-भांडी करणाऱ्या मावशींना घ्या. पाचशे झेपत नसतील तर त्यांच्यासाठी शंभराची वेगळी भिशी लावा. आणि त्यांचा नंबर लागला की वस्तू बघायला नक्की जा.